केयूरचं पाणी

रविवारी संध्याकाळी ऋषीची स्कूटर फाटकाशी थांबली, पण पुढे उभा असलेला त्याचा चार वर्षांचा मुलगा केयूर काही उतरेना. आईच्या माहेरी, खापरखेड्याला राहून आला होता आणि आता त्याला परत तिथंच जायचं होतं. त्यानं हँडल घट्ट धरून ठेवलं होतं. मधुसूदन आजोबा दुपारपासून व्हरांड्यात खुर्ची टाकून नातवाची वाट बघत बसले होते. संत्र्याच्या फोडी सोलून, बिया काढून वाटीत तयार होत्या. केयूरनं त्या वाटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"तिथं असं काय आहे बेटा, जे आपल्याकडे नाही?" आजोबांनी विचारलं.

"आबांकडे थंडा राहते," केयूर हुंदका आवरत म्हणाला. "खूप सारा."

मधुसूदनरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. थंडा म्हणजे कोल्ड्रिंक. आबा म्हणजे त्यांचे व्याही सुशीलराव, औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेले. त्यांच्या घरासमोरच पानठेला होता आणि त्या पानठेल्यावर काचेचा फ्रिज होता. त्यातल्या रंगीबेरंगी बाटल्या मधुसूदनरावांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. तर हे असं चाललं होतं. पोराला बाटल्या पाजून आपलंसं करायचं.

इकडे घरात सूनबाईंचा कायदा कडक होता. दातांच्या डॉक्टरांनी केयूरच्या दाढांवरचे काळे डाग दाखवल्यापासून नूपुरनं सरबत, डब्यातला ज्यूस, कोल्ड्रिंक, सगळं बंद केलं होतं. नर्सरीतही बाटलीत फक्त साधं पाणी, असा नियम होता. मधुसूदनराव आयुष्यभर हिशेब तपासणीच्या खात्यात राहिलेले. नियम म्हटला की त्यांना गोडच वाटायचा. आल्यागेल्याला ते लहान मुलं आणि साखर या विषयावर ऐकवत असत. आणि जिनं हा कायदा केला, तिचा सख्खा बाप तिकडे तो पायदळी तुडवत होता.

मेथी निवडत बसलेल्या बायकोपुढे, यमुताईंपुढे, त्यांनी ही तक्रार मांडली. यमुताईंनी मान वर न करता विचारलं, "तुम्ही त्याच्यासोबत कधी खेळता का? पोरगा जवळ आला की तुम्ही त्याले बातम्या दाखवता."

हा मुद्दा मधुसूदनरावांना अगदीच गैरलागू वाटला.

दुसऱ्या दिवशी ते मेट्रोनं सीताबर्डीला गेले आणि लिंबाच्या सरबताचा अर्क घेऊन आले. गुलाब, संत्रा, कैरी असे सगळे अर्क त्यांनी दुकानात उजेडासमोर धरून पाहिले होते. लिंबाचा तेवढा पाण्यात मिसळला की रंग दाखवत नव्हता. घरी आल्यावर बाटली देवघरात गेली, तेलाच्या बाटलीमागे. पूजा तेच करत, त्यामुळे तिकडे दुसऱ्या कुणाचा हात जायचा प्रश्न नव्हता.

केयूरला नर्सरीत सोडायचं कामही त्यांच्याकडेच होतं. नूपुर पाण्याची बाटली भरून ठेवी. निघताना आजोबा देवाला नमस्कार करायला म्हणून आत जात आणि बाटलीत झाकणभर अर्क ओतत. पहिल्याच दिवशी रस्त्यात केयूरनं बाटलीला तोंड लावलं, थबकला, आणि आजोबांच्या पोटाला मिठी मारून म्हणाला, "आजोबा, तुम्ही बेस्ट आहा." मधुसूदनरावांनी स्कूटर जरा हळू केली. ती मिठी लवकर सुटू नये, असं त्यांना वाटत होतं.

आठवडाभरात नर्सरीच्या रीना मिसच्या लक्षात आलं की वर्गात एकच मुलगा बाटली रिकामी करून घरी जातो. बाकीची मुलं उन्हाळा तोंडावर आला तरी पाण्याला शिवत नव्हती. त्यांनी केयूरला पुठ्ठ्याचा निळा मुकुट घातला, त्यावर 'पाण्याचा राजा' असं लिहिलं, आणि फोटो मुलांच्या आयांच्या ग्रुपवर टाकला. नूपुरला धन्य वाटलं. तिनं सगळ्यांना लिहून कळवलं की आमच्याकडे माठातलं पाणी असतं, बाकी काही नाही. मधुसूदनरावांनी तो फोटो खास सुशीलरावांना पाठवला. तिकडून नुसता अंगठा आला. तो अंगठा बघून त्या दिवशी त्यांना दोन घास जास्त गेले.

गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या दीप्तीला मात्र तो मुकुट भलताच लागला. तिचा रजत केयूरच्या शेजारी बसे आणि त्याच्या बाटलीतलं पाणी रोज जसंच्या तसं परत येई. तिनं नवा माठ आणला, त्यात वाळा टाकला. रजतनं एक घोट घेऊन थुंकला आणि केयूरचं पाणीच पाहिजे म्हणून भोकाड पसरलं. केयूरचं पाणी त्यानं चाखलेलं होतं. शेवटी एका सकाळी दीप्ती रिकामी बाटली घेऊन दारात उभी राहिली.

"काका, तुमच्या माठाचं थोडं पाणी देता का? आमचा रजत काही ऐकूनच नाही राहिला."

मधुसूदनराव मनात हिशेब करू लागले. साधं पाणी दिलं, तर रजत हे ते पाणी नाही म्हणून सांगणार, आणि मग चौकशी सुरू होणार. त्यांनी बाटली घेतली, माठावर भरली, आणि देवाला नमस्कार करायला आत गेले.

त्या दिवशी रजतची बाटली रिकामी परत आली. दीप्तीनं ही गोष्ट चार जणींना सांगितली आणि पुढच्या सकाळपासून दाराशी बाटल्यांची रांग लागायला लागली. आजोबांचे देवघरातले नमस्कार वाढले. यमुताईंना वाटलं, वय झालं की माणूस देवाकडे वळतो. अर्क संपायला लागला तसे सीताबर्डीचे फेरेही वाढले, आणि ऋषी कौतुकानं म्हणाला की बाबा हल्ली घराबाहेर पडतात, तब्येत सुधारली. तब्येत खरं तर केयूरची बिघडत होती. दुपारी तो जेवायला मागत नव्हता, वरणभात पुढे आला की तोंड फिरवत होता, आणि संध्याकाळी उगाच सोफ्यावरून उड्या मारत होता. नूपुर जंताचं औषध आणायचं म्हणत होती.

या सगळ्यात एक माणूस मनातून धुमसत होता, तो म्हणजे स्वतः केयूर. जे आजोबांनी फक्त त्याच्यासाठी केलं होतं, ते आता रजत पीत होता आणि बाकीचेही पीत होते. एके दिवशी रीना मिसनी वर्गात जाहीर केलं की सगळीच मुलं आता छान पाणी पितात, तेव्हा आज मुकुट रजतला. तो मुकुट रजतच्या डोक्यावर चढताना पाहून केयूर बाकावर उभा राहिला.

"ते पाणी माझं आहे," तो रडत म्हणाला. "देवाच्या मागे बाटली आहे आमच्या घरी. माझे आजोबा त्याच्यातून टाकतात. फक्त माझ्यासाठी होतं."

रीना मिसनी केयूरची बाटली उघडून एक घोट घेतला. मग रजतची उघडली. मग एकेक करत सगळ्यांच्या उघडल्या.

दुपारी मधुसूदनराव घ्यायला गेले तेव्हा नर्सरीच्या दारात नूपुर आधीच उभी होती आणि तिच्याभोवती सगळ्या आया. दीप्ती एवढंच म्हणाली, "काका, तुमच्यावर भरोसा ठेवला होता आम्ही." मधुसूदनराव रुमालानं चष्मा पुसत राहिले. घरी आल्यावर नूपुरनं देवघरातून बाटली काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि शांतपणे सांगितलं की उद्यापासून केयूरला ऋषी सोडेल.

"आणि तुझे बाबा तिकडे थंडा पाजतात, ते चालते?" मधुसूदनरावांच्या तोंडून निघून गेलं.

नूपुर त्यांच्याकडे बघतच राहिली. तिच्या बाबांनी केयूरला असलं काही पाजलेलं तिनं कधीच पाहिलं नव्हतं. तिनं एवढंच म्हटलं, की रविवारी तुम्हीच चला.

ते दिवस मधुसूदनरावांना फार जड गेले. सकाळी स्कूटर ऋषीसोबत निघून जाई आणि ते व्हरांड्यातून नुसता हात हलवत. केयूर कधी मागे बघे, कधी विसरून जाई.

रविवारी सगळे खापरखेड्याला गेले. केयूर धावतच मागच्या अंगणात गेला. मधुसूदनराव पुरावा पकडायच्या बेतानं मागोमाग गेले, तर तिथं खिडकीला कूलर लावलेला होता आणि सुशीलराव बनियन-लुंगीवर त्याच्या जाळीवर पाइपनं पाणी मारत होते. केयूरनं पाइप हातात घेतला, कूलर राहिला बाजूला, आणि धार थेट आबांच्या टकलावर गेली. आबांनी पाइप हिसकून नातवाला डोक्यापासून भिजवला. "थंडा, थंडा," म्हणून केयूर किंचाळत होता आणि निवृत्त आबा चिखलात फतकल मारून बसले होते.

मधुसूदनराव दारातच उभे राहिले. यमुताई मागून आल्या, पाहिलं, नवऱ्यावर एक नजर टाकली आणि आत निघून गेल्या. ती नजर त्यांना बोलण्यापेक्षा जास्त झोंबली.

थोड्या वेळानं नूपुरनं केयूरला अंग पुसायला आत नेलं. सुशीलराव लुंगी पिळत जवळ आले. इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"व्याहीबुवा, एक विचारू का? नूपुरनं सांगितलं मले सगळं, चूक झाली तुमची, ते सोडा. पण हा पोरगा इथं येऊन दिवसभर तुमच्याच पाण्याचं सांगत राहते. आजोबांचं पाणी असं, आजोबांचं पाणी तसं. मी इथं भिजून भिजून सर्दी करून घेऊन राहिलो, पण नाव तुमचंच. मले सांगून द्या गा, कोणतं टाकत होते? मी समोरून आणतो. नूपुरले नाही समजणार."

मधुसूदनरावांनी व्याह्याकडे नीट पाहिलं. त्या ओल्या, टकल्या, प्रेमळ चेहऱ्यावर शुद्ध जळफळाट होता. कितीतरी दिवसांनी त्यांना छातीत मोकळं वाटलं. क्षणभर त्यांच्या मनात आलं की खरं सांगून टाकावं, किंवा याला साखरेपासून दूर राहायला समजवावं. पण समजवून कुणी ऐकत नाही, हे त्यांना स्वतःवरूनच ठाऊक होतं.

"खस," ते गंभीरपणे म्हणाले. "हिरवं असते ते. चांगलं घट्ट करून द्यायचं."

सुशीलरावांनी कृतज्ञतेनं त्यांचा हात दाबला. खसचा वास आला की केयूर नाक दाबून टेबलाखाली जाऊन बसतो, हे त्यांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. मधुसूदनरावांनी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि अंगणात पडलेला पाइप उचलून केयूरला हाक मारली.