सदतिसावं पान

१२ एप्रिल, रविवार. सकाळी सातला चीक शिजला. तो गरम आहे तोवर कुरडया घालायला हव्या होत्या, आणि अर्धी गच्ची देवतळेकाकांच्या पुस्तकांनी अडवली होती.

हे दरवर्षीचंच. विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत एप्रिलमध्ये बायका वाळवणं घालतात आणि तिसऱ्या मजल्यावरचे देवतळेकाका पुस्तकं. बादल्यांत भरून स्वतः वर आणतात आणि चादरींवर ओळीनं उघडी मांडतात. उन्हानं कसर मरते, हे निमित्त. खरं काम वेगळं. त्यातून ते उन्हाळ्यात वाचायची दहा पुस्तकं निवडतात.

काका मूळचे यवतमाळकडचे. जन्म गेला खडकीच्या कारखान्यात, तपासनीस म्हणून. निवृत्त झाले, पण तपासणी सुटली नाही. न वाचलेलं पुस्तक उचलायचं, सदतिसावं पान काढायचं, उभ्यानं मोठ्यांदा वाचायचं आणि निकाल द्यायचा. "लॉट पास!" किंवा "नापास. परत." पास झालेलं एकदा वाचलं की त्याचा नंबर पुन्हा कधी नाही.

"सदतीसच काऊन?" असं मी एकदा त्यांच्याच भाषेत विचारलं होतं.

"पहिल्या पानावर सगळेच लेखक पाहुण्यासारखे नीट बसतात, ताई. सदतिसाव्यावर पाय पसरतात. तेव्हा पाहावं माणूस कसा आहे ते."

दहांत एका चवीची दोन नकोत, हा दुसरा नियम. "एका ताटात दोन आमट्या वाढता का तुम्ही?" एका उन्हाळ्यात लोणच्यांचं, विहिरी बांधण्याचं, शिवणकामाचं, एक रहस्यकथा, अभंगांवरचं भाष्य आणि मगरीची बालकथा एकत्र पास झाली होती. शिवाय ज्याचं एकही मत पटत नाही अशा माणसाचं एक पुस्तक हवंच. "मिरची पाहिजे नं बाप्पा."

या माणसाला चहासुद्धा धड करता येत नाही. पण त्या वर्षी माझ्या लोणच्याला बुरा आला, तेव्हा दारातूनच बरणीकडे बघून म्हणाले, "कैऱ्या धुतल्या, पण पुसल्या नाहीत." नव्हत्याच पुसल्या. कोपऱ्यावरचा शिंपी अजून बाहीचा घेर त्यांना विचारतो.

आणि स्मरणशक्ती! पास झालेल्या कुठल्याही पुस्तकाचं सदतिसावं पान ते म्हणून दाखवतात. मी पुस्तक हातात धरून दोनदा परीक्षा घेतली आहे. एक शब्द इकडचा तिकडे नाही. फडताळ उघडल्यावर काय घ्यायला आले हे विसरणारी बाई मी. नुसती बघत राहिले.

तर त्या रविवारी मी सोऱ्या दाबत होते आणि पलीकडे काकांचा आवाज खणखणीत चालला होता. "हत्तीण पिल्लाला पाण्यात सोडण्याआधी स्वतः पुढे होते. पायानं तळ चाचपते..." पान संपलं. "लॉट पास!"

"काका, हत्ती चार वर्षांपूर्वीच पास झालेत," मी म्हटलं. "एकदा वाचलेलं पुन्हा नाही. नियम तुमचाच."

मी सोऱ्या ठेवला. हात पुसून गेले. काकांच्या हातात मधमाश्यांचं पुस्तक होतं. उघडलेलं पान होतं एकशे बारावं.

हत्तींचं पुस्तक शेजारच्या ओळीत सापडलं. सदतिसावं पान काढलं. स्वल्पविरामाला जिथे थांबायला हवं, तिथेच ते थांबले होते. म्हणजे ते वाचत नव्हते, पाठ म्हणत होते.

"कधीपासून?"

"उजवा डोळा दिवाळीतच गेला. डावा पाटीवरची मोठी अक्षरं दाखवतो, बस."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"आतला पडदा गेला. ऑपरेशननं येत नाही म्हणे."

"सुनंदाला सांगितलंत?" सुनंदा त्यांची मुलगी, नागपूरला असते.

"नाही. तुम्हीही नका सांगू. चांगली पोरगी आहे, उद्याच येऊन घेऊन जाईल. तिच्याकडे दिवसभर टीव्ही चालू असतो." मग चादरीच्या एका कडेला बोट दाखवून म्हणाले, "ही सव्वीस यंदा बुधवार पेठेतून आणलेली. सवयीनं आणली. यातल्या एकाचंही सदतिसावं पान मला माहीत नाही, ताई."

तोवर माझा चीक गार झाला होता. पुढच्या कुरडया तुटक्याच पडल्या.

"सुनंदाला आज फोन करायचा," मी म्हटलं. "नाहीतर मी करीन. जिना उतरताना पडलात तर मला जाब विचारेल ती."

"अन् पुस्तकं?"

"ती खाली न्यायला मदत करते. बाकीचं बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला चष्मा घेऊन त्यांच्याकडे गेले. काकांनी रात्रीच फोन केला होता. सुनंदा मे महिन्यात येणार होती, आल्यावर बोलू म्हणाली होती. मी मधमाश्यांचं सदतिसावं पान काढलं आणि उभ्यानं वाचलं, कारण बसून वाचलेलं ते धरत नाहीत. काका भिंतीकडे तोंड करून ऐकत होते.

"लॉट पास," ते हळूच म्हणाले. "पण ताई, तुम्ही फार भरभर वाचता."

"मला डबे करायचेत," मी म्हटलं, आणि पान उलटून अडतिसावं वाचायला लागले.