समाजशास्त्राची रांग

"उद्या बघच तू, दारात रांग लागेल रांग!" प्लेश्का सरांनी बायकोला ठणकावून सांगितलं.

सर रोमानियातल्या याश शहरात, विद्यापीठात आयुष्यभर साम्यवाद शिकवत आलेले. राजवट पडली नि एका रात्रीत पाटी बदलली: समाजशास्त्र विभाग! सर तेच, खुर्ची तीच, खडूसुद्धा तोच. कुलगुरूंनी मात्र दम भरलेला, "संध्याकाळपर्यंत वर्ग भरला नाही, तर खोली मॅनेजमेंटवाल्यांना!"

दुपारपर्यंत चिटपाखरू नाही. मग एक पोरगी प्रवेश घ्यायला आली. सर दार लावून आत तिच्या अर्जावर मारायचा शिक्का शोधत बसले. तेवढ्यात बायको, स्मारांदा, जेवणाची पिशवी घेऊन पोरीच्या मागं उभी राहिली.

झालं! बंद दार, पुढं दोघीजणी, एकीच्या हातात पिशवी. एवढं दिसल्यावर, टंचाईत रांगा लावून जन्म काढलेला याशमधला माणूस पुढं जाईल? पारास्किवा आजी रस्त्यावरनं धावतच आल्या. त्यांच्यामागं ट्रामवाला.

"काय आलंय, आजी?"

"मला काय माहीत! आधी नंबर लाव, मग विचार!"

शिक्का सापडला, सरांनी दार उघडलं, तर रांग ट्रामच्या थांब्यापर्यंत! सरांचे डोळेच भरून आले.

"समाजशास्त्र पाहिजे?"

"माणशी किती देताय?" आजी म्हणाल्या.

"एक जागा."

"बहिणीची पण धरा. गुडघे धरलेत तिचे."

"अहो आजी, चार वर्षं शिकायचंय!"

"तेलासाठी याहून जास्त उभी राहिलेय मी! रिकाम्या हातानं जायची नाही!"

वर्ग खचाखच भरला. पण पहिल्याच दिवशी कुलगुरू तपासायला येणार होते. सर घसा खाकरून म्हणाले, "समाज म्हणजे..."

"कोपऱ्यावर संत्री आली!" खिडकीतनं कुणीतरी ओरडलं.

कुलगुरू आले तेव्हा वर्गात फक्त खडू गडगडत होता. ते तणतणत कोपऱ्यावर गेले. अख्खा विभाग रांगेत! नि सर आजींच्याही पुढं!

"प्लेश्का! हा काय तमाशा?"

"सर, हे... प्रत्यक्ष समाजदर्शन!"

"ओ टायवाले, मधे घुसायचं नाही!" आजी खेकसल्या.

कुलगुरूंनी संत्र्यांच्या पेटीकडं बघितलं. खिशातनं घडीची पिशवी काढली. हळूच म्हणाले, "विभाग मंजूर. पण मला तुझ्यापुढं घे."

सरांनी काळजावर दगड ठेवून घेतलं. कुलगुरूंची पिशवी भरली, नि पेटी संपली.

घरी स्मारांदानं सरांची पिशवी उलटी करून झटकली.

"अगं, विभाग मिळाला!"

"हो का? मग सोलून द्या पोरांना!"