‘जमलं’ नावाचा लेयर

बार्शीच्या वधूवर सूचीत ज्याची चौकट ‘जमलं’ या लेयरवर जाते, तो माणूस लग्न लागेपर्यंत गावात कुणाला दिसत नाही.

यात कुणाला काही वावगं वाटत नाही. ठरलेल्या मुलाला किंवा मुलीला आणखी स्थळं येऊ नयेत, एवढाच त्यामागचा हेतू. केळवणाला रिकाम्या पाटापुढे ताट वाढतात, ताट संपतं, मग पाटाला ओवाळतात. अक्षता पडल्या की सूचीची फाइल सांभाळणारे उदय ठोंबरे ती चौकट कायमची खोडतात आणि जोडपं पंगतीत आग्रह करत फिरताना दिसू लागतं.

शर्वरी कुदळे याच ठोंबरेकाकांच्या डीटीपीच्या दुकानात सूचीची पानं लावायची. पानांचे लेयर तिनेच शिस्तीत लावले होते. सगळ्यात खाली गुलाबी किनार, तिच्यावर मुलामुलींच्या फोटो-माहितीच्या चौकटी आणि सगळ्यांच्या वर ‘जमलं’. लेयर वेगळे ठेवले की किनार बदलताना कुणाचं नाक जागचं हलत नाही. प्रत्येक लेयरच्या नावाशेजारी एक बारीक डोळा असतो. तो मिटला की त्या लेयरवरचं काही दिसत नाही आणि छापलंही जात नाही. ‘जमलं’चा डोळा कायम मिटलेला असे. वर कुलूप. ते काकांनी सकाळी उघडून द्यायचं आणि काम झालं की लावून टाकायचं.

सूचीत शर्वरीची स्वतःचीही चौकट होती. आईने दिली होती. तिच्यातला ‘मनमिळाऊ’ हा शब्द टाइप करताना शर्वरीला घाम फुटला होता.

सूची छापायला जायच्या दिवशी ती शेजारच्या चौकटीतल्या मुलीला ‘जमलं’वर हलवत होती. तेवढ्यात मागे काकांनी लॅमिनेशनचं मशीन चालू केलं. ते मशीन रोज चालू व्हायचं आणि ती रोज दचकायची. हात सरकला, दोन चौकटी एकदम निवडल्या गेल्या आणि दोन्ही वर गेल्या. काकांनी त्यांच्या जागेवरून कुलूप लावलं. शर्वरी खुर्चीत बसल्या जागी दिसेनाशी झाली.

“काका,” ती म्हणाली.

ठोंबरेकाकांच्या हातातलं आयकार्ड खाली पडलं. त्या दुकानात आजवर दचकण्याचं काम एकट्या शर्वरीकडे होतं.

“शर्वरी? अगं, सांगायचंस तरी! कुणाशी जमलं?”

“कुणाशीच नाही. चुकून गेले मी.”

“चुकून जायला लेयर म्हणजे काय रिक्षा आहे?”

“तुमचं मशीन वाजलं आणि हात सरकला. परत खाली घ्या ना मला.”

काका खरोखर हळहळले. पण सूची काढणाऱ्या मंडळाचा नियम त्यांना पाठ होता. “दिवसाचं काम झाल्यावर हे कुलूप परत उघडतं ते फक्त मोडलेल्यांसाठी. घरच्यांनी यायचं, मोडलं म्हणून सांगायचं, कारण द्यायचं. मग मी चौकट खाली घेतो.”

“पण माझं जमलेलंच नाही!”

“तीच तर पंचाईत आहे. जमलेलंच नाही तर मोडणार काय?” काकांनी चष्मा पुसला. “संध्याकाळी फाइल सोलापूरला जाते. त्याच्या आत जमव आणि मोड. मी आहे इथेच.”

शर्वरीने हिशेब मांडला. फाइल गेली की आपण सूचीत नाही. सूचीत नाही म्हणजे स्थळ येणार नाही, स्थळ नाही म्हणजे लग्न नाही, आणि लग्नाशिवाय दिसणं नाही. तिच्या मशीनवरून त्या कुलपावर एक क्लिक केलं असतं तरी ते उघडलं असतं. हे तिच्या मनात आलंही. पण कुणी बघेल या भीतीने तिने माउसवरचा हात काढून घेतला.

“नवीन का तुम्ही?” कुणीतरी विचारलं.

ती दचकली. गिऱ्हाइकांच्या बाकावर एक तरुण बसला होता. या दुकानात तिने त्याला कधीच पाहिलं नव्हतं, कारण तो ‘जमलं’वर होता आणि एका लेयरवरच्यांनाच एकमेकांना बघता येतं.

“हेरंब डांगे. शाळेत चित्रकला शिकवतो. माझं लातूरला जमलं होतं, ते मोडलं. घरच्यांनी सगळ्या नातेवाइकांना कळवलं, इथे कळवायचं तेवढं राहिलं. नंतर आई-वडील गेले भावाकडे, दुबईला. आता येऊन सांगायला कुणी नाही.”

“मग शाळेत कसं चालतं?”

“खडू दिसतो ना. मुलांना तेवढं पुरतं.”

“आणि इथे का बसता?”

“पंखा आहे.”

त्याने काकांचं सगळं ऐकलं होतं. म्हणाला, “आपलं जमलं म्हणून सांगू आणि लगेच मोडू. तुमच्या आईंनी सांगितलं की दोघंही सुटू.” शर्वरीला यात कुठे खोट सापडली नाही. काकांनाही सापडली नाही. त्यांनी दोन्ही आवाजांचं अभिनंदन केलं आणि शर्वरीच्या आईला फोन लावला.

आई एसटी स्टँडवर गाड्यांची घोषणा करायची. दुपारच्या गाड्या लावून ती दुकानात आली. हाताने चाचपत तिने शर्वरीचा खांदा शोधला आणि अंदाजाने ओढणी सारखी केली.

“कुदळेबाई, मुलीचं जमलंय,” काका म्हणाले. “आता तुम्ही मोडल्याचं कारण सांगा.”

“थांबा. जमलंय ना?”

“जमलंय, पण मोडण्यासाठी.”

“मोडण्यासाठी कोण जमवतं, ठोंबरे? लोकांच्या चपला झिजतात जमवता जमवता. मुलगा काय करतो?”

“चित्रकला शिकवतो,” बाकावरून आवाज आला.

“आवाज स्वच्छ आहे,” आई म्हणाली. आवाजातलं तिला कळायचं. “परत बोला बघू. नाव, गाव.”

“आई, अगं, तो तुला दिसत तरी आहे का?”

“दिसण्यावर काय आहे? तुझे बाबा दिसायला राजबिंडे होते. एक दिवस हैदराबादच्या गाडीत बसले ते बसलेच. गाडीची घोषणा मीच केली होती.” आई खुर्ची ओढून बसली. “आणि लग्न झालं की तुम्ही दोघं दिसालच. मी काही मोडणार नाही.”

काकांनी घड्याळाकडे पाहिलं. “शर्वरी, मुलाचं चालत नाही, पण मुलीने स्वतः सांगितलं तरी नियमात बसतं. ‘पटलं नाही’ एवढं पुरे. फक्त काय पटलं नाही ते हवं.”

शर्वरीने हेरंबकडे नीट पाहिलं. नखांत गेरूचा रंग होता. शर्टाचं एक बटण वरच्या काजात गेलं होतं, त्यामुळे कॉलर एका बाजूला चढली होती. लातूरचं मोडल्यापासून तो असाच वर्गात उभा राहत असेल, सांगायला कुणी नव्हतं.

“बटण,” ती म्हणाली.

“बटण काय?” काकांनी पेन उचललं.

लॅमिनेशनचं मशीन तेवढ्यात वाजलं, पण यावेळी तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

“काही नाही,” ती काकांना म्हणाली. मग हेरंबकडे वळून हळूच म्हणाली, “तुमचं बटण चुकलंय.”

तो दचकला. खाली बघून त्याने बटण नीट लावलं.

“म्हणजे कारण नाही,” काका म्हणाले आणि पेन खाली ठेवलं.

फाइल शर्वरीनेच सोलापूरला पाठवली. तिच्या चौकटीची जागा रिकामी दिसत होती, तिथे तिने एका केटररची जाहिरात बसवली आणि किनारीशी ओळीत आणली.

संध्याकाळी आई दोघांना घेऊन घरी गेली. अंगावरून उतरलेली वस्तू दिसते. उंबऱ्याबाहेर आधी शर्वरीच्या सँडल दिसू लागल्या, मग त्यांच्या शेजारी एक मोठी चप्पल-जोडी. आई कमरेत वाकली आणि तिने चपलेवर स्वतःची वीत लावून पाहिली.

“उंचीला बरा आहे,” ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.