गळती जतन करण्याबाबत

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर पफिन खाडी नावाचं गाव आणि गावात एक अँग्लिकन चर्च, सगळं लाकडाचं. होड्या बांधणाऱ्या सुतारांनीच ते बांधलेलं, त्यामुळे आत मान वर केली की उलट्या होडीखाली बसल्यासारखं वाटतं. दर वर्षी मासेमारी संपली की घरोघरची माणसं येऊन कुजलेल्या फळ्या बदलायची. चर्चला म्हातारं व्हायला सवडच मिळत नसे.

मग गावाने हौसेने अर्ज केला आणि चर्च 'संरक्षित वारसा' ठरलं.

त्याच आठवड्यात अझराया आजोबा नवी फळी घेऊन शिडीपाशी आले. छपराला भोक पडलं होतं. ते तसंच राहिलं तर पहिल्या मोठ्या बर्फात छप्पर खाली येणार, हे त्यांच्या दहा वर्षांच्या नातीला, ड्रुसिलालाही कळत होतं.

"थांबा!" वारसा अधिकारी गिलिंगहॅम म्हणाले. "मूळ फळी काढता येणार नाही."

"मूळ कसली, साहेब? ही मीच ठोकलीय, परवाच्या साली. त्याआधीची माझ्या बापानं."

"मग मूळ फळ्या कुठे आहेत?"

"चुलीत गेल्या. झकास जळायच्या!"

साहेबांनी नोंद केली: 'मूळ फळ्या स्थलांतरित.'

"पण छप्पर गळतंय ना!" ड्रुसिला म्हणाली.

साहेबांनी फाइल उघडली. "नोंदणीच्या दिवशीच्या फोटोत गळती दिसते आहे, बाळ. म्हणजे तीही संरक्षित."

गावकऱ्यांनी खाली बादली ठेवली. फोटोत बादली नव्हती, म्हणून ती हटवण्यात आली. पुढे माणसांच्या श्वासाने लाकूड दमट होतं असं आढळलं, तेव्हा रविवारची प्रार्थना मासे खारवायच्या शेडमध्ये हलली. गावाने 'चर्च वाचवा' समिती नेमली. समितीने सात बैठका घेतल्या, ठराव केला आणि चर्चचं चित्र छापलेले टी-शर्ट वाटले.

बर्फ भुरभुरू लागला त्या सकाळी ड्रुसिलाने दारावरची नोटीस वाचली. "आजोबा, यात लिहिलंय, 'कोणत्याही प्रौढ ग्रामस्थाने इमारतीस हात लावू नये.' मी कुठे प्रौढ आहे?"

"आणि शिडी कुठे इमारत आहे?" म्हणत आजोबांनी शिडी टेकवून तिची एक बाजू घट्ट धरली.

समिती टी-शर्ट घालून जमली. टाळ्या झाल्या, फोटो झाले.

"टाळ्या राहू द्या," ड्रुसिला ओरडली. "दुसरी बाजू कोण धरतंय?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. तुम्हीसुद्धा आत्ता मागे वळून पाहिलंत, कुणी पुढे येतंय का ते. तोवर तिने हातोडी कमरेला खोचली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.