गुलछडी : ती की ते?

एका जंगलात, मुलांनो, एक गुहा होती. तिच्यात फक्त मोठ्यांसाठीचे खेळ व्हायचे. कसले ते विचारू नका, मोठे झालात की न विचारता कळेल. जंगलातल्या एकानेही ते खेळ कधी पाहिले नव्हते. तरी गुहेत बसायला जागा मिळत नसे.

या खेळांची राणी होती गुलछडी. ती अंड्यातून बाहेर आली तेव्हा सगळ्यांनी तिला मोर ठरवून टाकलं. ती मात्र पहिल्यापासून लांडोर. पिसारा तिने ठेवला, कारण तो तिला आवडायचा. पण गुहेच्या तोंडाशी पाटी होती : 'मोर की लांडोर? आत या, बघा!' त्या पाटीखालून आत जाणं गुलछडीला रोज झोंबायचं.

पाटी काढा, म्हणून ती गुहेच्या मालकाच्या, तरसशेठच्या, मागे लागली होती. शेठ म्हणाला, तू कोण ते एखाद्या विद्वानाकडून लिहून आण, तेच पाटीवर घालतो.

आणि बरं का, तेवढ्यात ध्यानधर बगळा आला. त्याला पीएच.डी. करायची होती. विषय होता, 'प्रौढ गुहा-मनोरंजनातील उभयपिच्छ देहाचे प्रतिनिधित्व : एक चिकित्सा'. गुलछडी हरखली. तिने त्याला सगळं पोटातलं सांगितलं. पण खेळ बघायला या म्हटल्यावर बगळा शहारला. अभ्यासकाने विषयापासून अंतर राखायचं असतं म्हणे!

प्रबंध झाला. तोंडी परीक्षेला गुलछडी नटूनथटून मागे जाऊन बसली. बगळा वाचू लागला, "ते पिसारा उघडते. मग दुसऱ्या खेळात ते नाचते. ते..."

गुलछडी उठली. "मास्तर, हे 'ते' कोण?"

"तू," बगळा म्हणाला. "शास्त्र कुणाची बाजू घेत नाही."

"मग घुबडबाईंना 'ते घुबड' म्हणून दाखवा."

घुबडबाई समोरच परीक्षक म्हणून बसल्या होत्या. बगळ्याने घाईघाईने पान उलटलं.

दुसरे परीक्षक गेंडाराव इतका वेळ पेंगत होते. ते एकदम म्हणाले, "आणि दुसऱ्या खेळात ती नाचतच नाही हो! ती झोपाळ्यावर बसते."

तुम्हाला कसं ठाऊक, असं घुबडबाईंनी विचारलं. ऐकीव आहे, गेंडाराव पुटपुटले. ऐकीव म्हणून ते वाक्य कामकाजातून वगळलं आणि बगळा डॉक्टर झाला.

तरसशेठ शब्दाला पक्का. दुसऱ्या दिवशी नवी पाटी लागली : 'विद्यापीठमान्य! ते आहे तरी काय? आत या, बघा!'

गुलछडी ढसाढसा रडली. मग तिने डोळे पुसले. दिवेलागणीला गुहा तुडुंब भरल्यावर ती मंचावर गेली आणि पिसारा मिटून, पाठ फिरवून बसली. पाटी बदलेपर्यंत खेळ नाही, एवढंच तिने सांगितलं. शेठ विनवण्या करून थकला.

शेवटी मागच्या रांगेतून, तोंडावर शाल ओढलेलं कुणीतरी ओरडलं, "शेठ, तिचं ऐका ना! ती लांडोर आहे. आम्ही रोज बघतो!"

आवाज गेंडारावांचा होता. शेजारची शाल घूं घूं करत दुजोरा देत होती. आणि त्याही मागे, एका पायावर उभी असलेली तिसरी शाल हळूच म्हणाली, "ती."

शेठने मुकाट्याने पाटी उतरवली.

तात्पर्य : मुलांनो, वाईट ठिकाणी मुळीच जाऊ नये. तिथे जाणाऱ्यांचं व्याकरण सुधारतं.