अस्वलाच्या पोटातले भाडेकरू

एका जंगलात झाडं विरळ झाली होती आणि सल्ले दाट. पोटावर हात ठेवून बसा बाळांनो, गोष्ट तिथलीच आहे.

तिथे झिपरू नावाचं अस्वल होतं. त्याच्या पायांवर सूज आली. डॉक्टरीण कासवीणबाईंनी रक्त तपासलं.

"झिपरूदादा, मूत्रपिंडं निम्म्याहून जास्त गेली. उरलेली जपलीत तर रक्त गाळायच्या यंत्रावर पडावं लागणार नाही. लोणचं बंद, पाणी मापून. आणि शहाळं तर अजिबात नाही. त्यातलं पोटॅशियम तुमच्याच्यानं बाहेर पडायचं नाही. ते थेट काळजावर जातं."

झिपरूला यंत्राची भारी धास्ती. त्याचा काका त्यावरच संपला होता. त्याने सगळं मुकाट कबूल केलं. बायको जाईबाई वाटीने पाणी मोजू लागली. सूज उतरली.

पण जंगलाची रीत अशी, की आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जायचं नाही. जो येई तो शहाळं आणी. नको म्हणावं तर येणाऱ्याचा अपमान! कोपऱ्यात ढीग लागला. झिपरू त्याकडे बघून आवंढे गिळी.

एक दिवस मुंगूसराव आले. गळ्यात टाय, हातात बाटली.

"काय हो दादा, पार वाळलात!"

"पथ्य आहे रे."

"पथ्य म्हातारे पाळतात. ह्या गोळीत अब्जावधी चांगले जंतू आहेत. पोटात बिऱ्हाड करतात, वाईट भाडेकरूंना हाकलतात, विष तिथल्या तिथे खातात. मूत्रपिंडांना काही कामच उरत नाही!"

झिपरूने कासवीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "घ्यायची तर माझ्या नजरेखाली घ्या. पोटाला बरी वाटेलही. पण मूत्रपिंड वाचवते असं अजून कुणी ठामपणे दाखवलेलं नाही. पथ्य सोडू नका."

एवढ्या लांब बोलण्यातलं झिपरूने 'घ्या' तेवढं ऐकलं.

"अहो, शहाळं काय फोडताय?" जाईबाई ओरडली.

"अगं, आत अब्जावधी भाडेकरू फुकट राहतायत. करतील की काम!"

ढीग संपला. लोणच्याची बरणी फडताळातून खाली उतरली. सकाळी पोट असं लख्ख साफ होई, की झिपरू शेजाऱ्यांना हाका मारमारून सांगे. पाय पुन्हा सुजले, ते मात्र त्याने कुणाला सांगितलं नाही.

मग एका दुपारी ओढ्याकाठी काळीज फडफडलं आणि झिपरू कोसळला. डोळे उघडले तेव्हा हातात नळी होती आणि शेजारी यंत्र घरघरत होतं.

"जीव वाचला," कासवीणबाई म्हणाल्या. "मूत्रपिंडं नाही वाचली."

भेटायला पहिले आले मुंगूसराव. काखेत शहाळं.

"गोळी एक दिवस चुकवली नाही रे मी!" झिपरू रडवेला झाला.

"म्हणून तर आतडं कसं सोन्यासारखं आहे! जंतू ठणठणीत आहेत, दादा. घरच पडलं, त्याला भाडेकरू काय करणार?" त्यांनी उशाशी नवी बाटली ठेवली. "ही यंत्रवाल्यांसाठी खास."

जाईबाईने तेच शहाळं उचलून त्यांच्या टाळक्यावर भिरकावलं. नेम चुकला, याचं वाईट वाटतं.

ती बाटलीही फेकणार, तोच झिपरूने नळीचा हात पुढे केला.

"राहू दे गं. ह्या खेपेला लागू पडली तर?"

तात्पर्य: पोटातले भाडेकरू खुशाल असले, की घरमालक मेला तरी चालतो. आणि आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं विसरू नये. त्याशिवाय आजार पुरा होत नाही.