पंचफुलामावशीचं शूटिंग

पोलिसांनी रस्त्यात कुणाला अडवलं की आमच्या गावातली माणसं ज्या दिशेनं पांगतात, त्याच्या बरोबर उलट दिशेनं पंचफुलामावशी चालत येते. चालता चालता कमरेची पिशवी सोडते, त्यातून फोन काढते, पदरानं पुसते आणि साहेबापासून दोन हातांवर उभी राहून शूटिंग सुरू करते. मग तिचे तीन प्रश्न येतात. "नाव सांगा साहेब. ठाणं कोणतं? अन् जेवले काय?"

पहिल्या दोन प्रश्नांवर पोलीस तापतो. तिसऱ्यावर त्याची पंचाईत होते. एका धिप्पाड हवालदाराच्या मुठीत ट्रकवाल्याची कॉलर असताना तो, "नाही मावशी, सकाळपासून नुसता चहा," असं सांगताना मी स्वतः ऐकलंय. बोलता बोलता कॉलर सुटली आणि ट्रकवाला ती झटकून उभा राहिला. मावशीनं पिशवीतले शेंगदाणे दोघांनाही दिले.

गावाचं नाव सांगत नाही. जिल्हा बुलढाणा, एवढं पुरे. या गोष्टीतले जमादार अजून आमच्याच ठाण्यात आहेत आणि माझं झेरॉक्सचं दुकान ठाण्याच्या वाटेवर आहे.

मावशी माझी शेजारीण. दोन घरांत एकच भिंत, त्यामुळे तिनं फोडणी दिली की ठसका मला लागतो. जन्मभर ती अंगणवाडीत मदतनीस होती. अर्ध्या गावाला तिनं खिचडी वाढली, अर्ध्या गावाची नाकं पुसली आणि हात मागं बांधून रांगेत उभं केलं. नवीन लेकरू आलं की हेच तीन प्रश्न असत: नाव काय, घर कोणतं, जेवला काय? ती निवृत्त झाली, लेकरं सुटली, प्रश्न मात्र तिच्या तोंडात राहिले. ते तिनं पोलीस खात्याला लावून टाकले.

आणखी एक वाक्य तिनं अंगणवाडीतूनच आणलंय. "मी पाहून राह्यली बरं." पातेल्यात डोकं घालून खिचडी ढवळतानाही ती हे म्हणायची आणि शेजारच्या ताटाकडं निघालेला हात जागच्या जागी थांबायचा. आता पोलिसाचा हात वर गेला की ती तेच म्हणते, त्याच सुरात. आवाज चढवत नाही. शिवी तर तिच्या तोंडात बसतच नाही.

"मावशी, कशाला नसती भानगड?" मी एकदा म्हणालो.

"भानगड कायची बे गजू? लेकराले मारून वळण लागत नाही अन् वरडून बी लागत नाही. कोणीतरी पाहून राह्यलं, हे त्याले कळलं का ते सुधं वागते."

"अगं, ते लेकरू नाही, जमादार आहे."

"मंग? जमादार झाला म्हणून मायच्या पोटून नाही निघाला काय?"

मी दुकान उघडायला निघालो.

शूटिंग म्हणून पाहिलं तर तिचं काम दिव्य आहे. प्रत्येक चित्रफितीच्या एका कोपऱ्यात तिचा अंगठा असतोच. धाड गावच्या बाजारातल्या एका शूटिंगमध्ये पोलीस कमी आणि शेळी जास्त आहे. पण हे सगळं ती कुणाला पाठवत नाही, कुठं टाकत नाही. "मले कोणाची इज्जत नाही घ्यायची," म्हणते. "त्याले मालूम, मले मालूम, झालं."

यातली गंमत अशी की तो फोन पोलिसाच्याच पगाराचा. तिचा एकुलता एक मुलगा मिलिंद पुण्याला पोलीस शिपाई आहे. नवरा लवकर गेला, पोराला तिनं एकटीनं वाढवलं. मिलिंदनं आपल्या जिल्ह्यात बदली मागितली, तेव्हापासून मावशीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मधली खोली तिनं स्वतः रंगवली. नवी बाज विणून घेतली आणि तिच्यावर कुणाला बसू देईना. मी एकदा टेकलो तर, "उठ, ते मिलिंदची हाय," म्हणून मला उठवलं.

आणि नेमकं त्याच दिवसांत ते सीताफळांचं घडलं.

बाजाराचा दिवस होता. सलीम नावाचा पोरगा सीताफळांची हातगाडी घेऊन उभा होता. गाडी रस्त्यात येते म्हणून जमादार त्याच्यावर खेकसले. तो गाडी मागं घेतच होता, तेवढ्यात त्यांनी त्याच्या कानाखाली वाजवली आणि गाडीला लाथ घातली. सीताफळं रस्ताभर झाली. मावशी पोचली होती, फोन वर होता. तिचं "मी पाहून राह्यली बरं" ऐकून जमादारांना आपण काय केलं ते उमगलं असावं. कारण संध्याकाळपर्यंत त्यांनी उलटंच म्हणायला सुरुवात केली. सलीमनंच मला ढकललं, सरकारी कामात अडथळा आणला. तसा गुन्हा बसला असता तर पोराचा जन्म कोर्टाच्या पायऱ्यांवर गेला असता.

दुसऱ्या दिवशी जमादार साध्या कपड्यांत मावशीकडं आले. मी तिथंच होतो. मावशीनं विचारलं, "जेवले काय?" जमादारांनी खाली मान घालून नाही म्हटलं. तिनं भाकरी, पिठलं, वर तेल घालून ठेचा, असं सगळं वाढलं. जमादार पोटभर जेवले आणि हात धुताना हळूच म्हणाले, "मावशी, पोराची बदली अडकून राह्यली म्हणते. माही वर वळख हाय. एका शब्दाचं काम. तुमी फकस्त तेवढं शूटिंग पुसून टाका."

मावशी त्या रिकाम्या बाजेकडं पाहत राहिली. मला वाटलं, पुसणार. खरं सांगतो, मी असतो तर पुसलं असतं आणि वर जमादारांना खायला सुपारीही दिली असती.

"साहेब," ती शेवटी म्हणाली, "माहं पोरगं घरी येईन, या बाजीवर बसन, अन् इचारन, माय, त्या दिशी तुवं काय पाहिलं? मंग मी त्याले काय सांगू? काईच नाही पाहिलं म्हणू?" मग ताट उचलत म्हणाली, "बदली नाई झाली तं नाई झाली. तो तिथं बी माहाच हाय."

ती आत गेली आणि बराच वेळ भांडी घासत बसली. जमादारांचं एकट्याचं ताट घासायला एवढा वेळ लागत नाही.

मग सलीम, मावशी आणि मी तालुक्याला पोलिसांच्या मोठ्या साहेबांकडं गेलो. जमादारही आले. मावशीनं फोन पदरानं पुसला, साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी शूटिंग लावलं. पडदाभर पंचफुलामावशीचाच चेहरा! घाईत तिनं पुढचा कॅमेरा दाबला होता आणि नंतर कुणीच ते लावून पाहिलं नव्हतं. जमादार नाहीत, सलीम नाही, एक सीताफळसुद्धा नाही. फक्त मावशी, तिचं कुंकू नसलेलं रुंद कपाळ आणि कोपऱ्यात तो अंगठा. जमादार आधी गालात आणि मग मोठ्यानं हसले. साहेबांनाही हसू आलं.

पण आवाज चालू होता. जमादारांचा आवाज स्वच्छ ओळखू येत होता. मग "साहेब, घेऊन राह्यलो ना मांगं" हा सलीमचा. मग फाडकन तो आवाज आला, आणि त्याच क्षणी पडद्यावरच्या मावशीचा चेहरा असा कळवळला की जणू थप्पड तिलाच बसली होती. साहेबांनी ते पुन्हा लावलं. या वेळी कुणी हसलं नाही.

"मावशी, तुम्ही काय पाहिलं?" साहेबांनी विचारलं.

मावशीनं हात मागं बांधले आणि पाहिलं तेवढंच सांगितलं. सलीमवर गुन्हा झाला नाही. जमादारांना बंद दाराआड काय ऐकावं लागलं ते ठाऊक नाही, पण आता ते कुणावर हात टाकत नाहीत, आणि मावशी लांबून दिसली की तिनं विचारायच्या आत ओरडतात, "जेवलो मावशी!" अख्ख्या गावाला त्या दिवसाचा अभिमान आहे. मला तर इतका आहे की भिंत एकच असल्याचं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो.

मिलिंदची बदली मात्र झाली नाही. बाज तशीच राहिली.

त्यानंतर एका संध्याकाळी मी तिच्याकडं गेलो, तर ती फोन डोळ्यांजवळ धरून बसली होती. कुठल्यातरी शहरातल्या बंदोबस्ताचं, कुणीतरी काढलेलं शूटिंग होतं. "गजू, हे मोठं कर बरं. हा मांगचा मिलिंद तं नाई?" नव्हता. मग तिनं दुसरं लावलं. ती रोज हेच करत होती. "येवढं मोठं पुणं," ती म्हणाली, "तिथं माह्या लेकराकडं पाहाले कोणी असन काय रे?"

पुढं पाहुण्यांच्या लग्नासाठी मला पुण्याला जावं लागलं. मिलिंदची ड्यूटी कुठल्या चौकात ते विचारून घेतलं आणि भर दुपारी जाऊन उभा राहिलो. एक मोटारसायकलवाला मिलिंदला तोंड सोडून बोलत होता. मी फोन काढला. आयुष्यात पहिल्यांदा पोलिसाचं शूटिंग करत होतो. मोटारसायकलवाला गेल्यावर पुढं झालो. "नाव सांगा साहेब. ठाणं कोणतं? अन् जेवले काय?"

मिलिंद गर्रकन वळला. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यानं हसत दिली. तिसऱ्याला कान चोळत म्हणाला, "जेवलो म्हणा मायले."

घरी आल्यावर मी ते मावशीला दाखवलं. कोपऱ्यात माझा अंगठा आला होता, त्याला ती काही बोलली नाही. "वाळला," म्हणाली. मग, "खोटं बोलते. जेवला नाई. लहानपणापासून खोटं बोलला का कान चोळते." मग मला पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. मोटारसायकलवाला पुन्हा तावातावानं बोलू लागला आणि मावशीनं पडद्यावर बोट ठेवलं.

"पाह्य गजू. येवढं बोलून राह्यला तो, पण माह्या लेकरानं हात मांगंच बांधले हायेत."

मग ती उठून त्या नव्या बाजेवर जाऊन बसली, फोन दोन्ही हातांत धरला आणि त्याच जुन्या सुरात, पण अगदी हळू म्हणाली, "मी पाहून राह्यली बरं."